उरलेलं मूळ राज्याकडे

अण्णांनी रविवारी सकाळी चहाच्या कपांशेजारी विधेयक ठेवलं आणि पहिलं पान वाचताच धाकट्याला हसू फुटलं.

"'गृह पुनर्रचना विधेयक'! उद्देश आणि कारणे! कलमं! परिशिष्ट! अहो अण्णा, घर वाटायचंय, देश नाही."

"देशसुद्धा असाच वाटतात," अण्णा म्हणाले. "हात पुसून घे आधी. पानाला निळा रंग लागला."

धाकटा तळमजल्यावरच्या कारखान्यात पाट्या रंगवायचा, त्यामुळे त्याच्या हाताला कुठला ना कुठला रंग असायचाच. सध्या निळा होता. डोंगराकडचे जिल्हे वेगळे काढून नवं राज्य करायचं घाटत होतं आणि नव्या राज्याच्या पाट्यांचं काम या पठ्ठ्याला आत्तापासूनच मिळालं होतं. राज्य अजून जन्माला यायचं होतं, पाट्या मात्र भिंतीला टेकून वाळत होत्या. राज्याचं नाव मध्येच दोनदा बदललं आणि दोन्ही वेळा त्याला सगळ्या पाट्या खरवडाव्या लागल्या. तरी गडी खुशीत होता.

अण्णा घरात जे काही करतील ते कलमांनीच करणार, हे कुणाला नवीन नव्हतं. न्हाणीघराच्या वेळांचे त्यांनी नियम केले होते आणि थोरल्याचं लग्न झाल्यावर त्यात रीतसर दुरुस्ती झाली होती. नवा फ्रिज कुठल्या मजल्यावर ठेवायचा यासाठी तर त्यांनी समिती नेमली होती, आणि समितीत ते एकटेच होते! विधी खात्यात मसुदे लिहिता लिहिता ज्याची हयात गेली, त्याला आपण काय बोलणार? टाळ्या आमदारांना मिळायच्या, सह्या मंत्र्यांच्या असायच्या, पण कायद्याचं वाक्य अण्णांचं असायचं. रस्त्यावरच्या दिव्यांपासून कुत्र्यांच्या पट्ट्यांपर्यंत सगळ्यांवर त्यांनी कायदे लिहिले. नवं राज्य तेवढं त्यांच्या वाट्याला कधी आलं नाही. ते निवृत्त झाले आणि मग हे निघालं. ही चुटपुट त्यांच्या मनातून जात नव्हती.

घर वाटायची वेळ आली तीही त्या राज्यापायीच. थोरला पाणीपुरवठा खात्यात अभियंता. धरण तिकडे डोंगरात, नळ इकडे शहरात. राज्य झालं तर कुणीकडे जाणार, असं खात्याने प्रत्येकाला विचारलं होतं, आणि थोरल्याने बायकोशी बरीच खलबतं करून नवं राज्य लिहून दिलं होतं. तिकडे बढती होती. मात्र जायच्या आधी वरचा मजला आपल्या नावावर व्हावा, असं त्याचं म्हणणं होतं. त्याचं म्हणजे थोरल्या सुनेचं, हे सांगायला नको. तेव्हापासून दोघे भाऊ जिन्यात समोरासमोर आले तरी पायऱ्यांकडे बघून चालत होते.

धाकट्या सुनेला मात्र सकाळपासून उत्साह आला होता. ती शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची आणि या नव्या राज्याने तिची पार दैना करून टाकली होती. 'आपल्या देशात राज्ये किती?' असा प्रश्न पेपरात घालायचा की नाही, हे मुख्याध्यापकांनासुद्धा सांगता येत नव्हतं. घरात चालताबोलता मसुदेकार बसलेला असताना तिने संधी कशी सोडावी?

"अण्णा, मला एक सांगा. केंद्राने हा मसुदा आपल्या विधानसभेकडे मत द्यायला पाठवला. इथे पंधरा दिवस भांडणं चाललीत. उद्या मत कळवायचंय. बरोबर?"

"बरोबर."

"आणि समजा, विधानसभेने सांगितलं की आम्हाला तुकडे नकोत, तर?"

"तर काही नाही. तरीही संसद नवं राज्य करू शकते."

"म्हणजे ऐकायला हवंच असं नाही?"

"नाही."

"मग विचारायचं कशाला? मुलं माझी सालटी काढतील अण्णा. मागच्या बाकावरचा एक आहे, तो हेच विचारणार."

अण्णांनी कप खाली ठेवला. असा प्रश्न त्यांना या घरात पहिल्यांदाच कुणी विचारत होतं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"त्याला सांग, की विचारलं नाही तर विधेयक मांडताच येत नाही. दारातच अडतं. मग वर कितीही मोठं बहुमत असो, उपयोग नाही. एकदा विचारलं, मुदत दिली, की मग 'हो' येवो, 'नाही' येवो, नाहीतर बसेनात का गप्प, पुढे जाता येतं."

"म्हणजे उत्तर मानलं नाही तरी चालतं, पण विचारल्यावाचून चालत नाही?"

"तंतोतंत!" अण्णांनी टेबलावर थाप मारली. "ज्याचा तुकडा पडतोय, त्याला निदान तोंडावर विचारा. एवढी तरी लाज ठेवा, असं ते कलम आहे."

"कमाल आहे," धाकटी म्हणाली. तिला ते पटलं होतं की नव्हतं, तिचं तिलाच कळेना, पण विचार करायला भारी वाटत होतं.

"आपणही तसंच करणार आहोत," अण्णा म्हणाले. "मी वाचतो. प्रत्येकाने मत द्यायचं. मतं लिहून घेतली जातील. निर्णय माझा. अक्का, तू लिहून घे."

"हो," अक्का म्हणाली. पेन्सिल तिच्या हातात होतीच.

अक्का तिन्ही भावंडांत मोठी. विधानसभेच्या मधोमध जे टेबल असतं, तिथे बसून ती सदस्यांचं बोलणं लघुलिपीत उतरवून घ्यायची. प्रतिवेदक. आमदार एकमेकांच्या अंगावर धावून गेले तरी हिचं डोकं वर व्हायचं नाही. लग्न केलं नाही. का केलं नाही, हा विषय या घरात येऊन गेलेला आहे, तो पुन्हा उगाळण्यात अर्थ नाही. कारखान्यावर दोन मजले आणि त्यावर गच्ची. गच्चीवर एक खोली होती, तिथे ती राहायची. सकाळी अण्णांच्या गोळ्या काढून ठेवायची, संध्याकाळी त्यांना वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं वाचून दाखवायची. यात कुणालाही काही विशेष वाटत नव्हतं.

पण परवा, शुक्रवारी, सभागृह उठल्यावर विधानसभेच्या सचिवांनी तिला थांबवलं होतं.

"उद्या राज्य झालं तर तिकडेही विधानसभा भरेल," सचिव म्हणाले होते. "सभागृह म्हणून एक जुनं नाट्यगृह बघून ठेवलंय. खुर्च्या आहेत, बाकी काही नाही. प्रतिवेदकांची शाखा पहिल्यापासून उभी करावी लागेल. तुम्ही जाता का प्रमुख म्हणून? मला सोमवारी नाव द्यायचंय, नाहीतर दुसरं कुणी बघावं लागेल."

आणि अक्का काय म्हणाली? "घरी विचारून सांगते."

बसस्टॉपपर्यंत ती स्वतःवर चिडचिड करत गेली. केस पिकले, अजून घरी काय विचारायचंय? पण मनात भलतंच सुरू झालं होतं. सगळी नोकरी तिने चालू सभागृहात काढली होती. कुणीतरी आधी बोललेलं असायचं, कुणीतरी नंतर बोलणार असायचं. जिथे अजून कुणी काहीच बोललेलं नाही, अध्यक्षसुद्धा निवडलेला नाही, तिथे पहिल्या दिवशी पहिल्यांदा तोंड कोण उघडत असेल? काय म्हणत असेल? तो पहिला शब्द आपल्या पेन्सिलीने उतरावा, असं तिला इतकं वाटलं की बस समोर आलेली तिला कळलीच नाही. दुसऱ्या बसने घरी आली, अण्णांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं आणि विचारायचं राहून गेलं. शनिवारीही राहून गेलं. आता रविवार होता.

अण्णा वाचू लागले आणि ती लिहू लागली.

परिशिष्ट एक, थोरल्याकडे: दुसरा मजला, त्याच्या सज्जासह. परिशिष्ट दोन, धाकट्याकडे: तळमजल्यावरचा कारखाना आणि पहिला मजला, पैकी एका खोलीत अण्णांचा तहहयात राहण्याचा हक्क. परिशिष्ट तीन, सामाईक: जिना, गच्ची, गच्चीचा कठडा, पाण्याची टाकी, कपडे वाळत घालायच्या तारा. कलम नऊ: परिशिष्टांत ज्याचा उल्लेख नाही, ते मूळ मालकाकडे राहील.

तारांपर्यंत आल्यावर अक्काची पेन्सिल अडखळली. गच्चीवरची खोली कुठेच नव्हती. तिने वर पाहिलं. अण्णा पान उलटत होते. आता येईल, म्हणून ती थांबली, पण पुढे कलम नऊ आलं आणि वाचन संपलं. आपण वेडे आहोत, असं तिला वाटलं, की वडील घराची यादी करतात आणि त्यात आपण नाही, आणि तरी आपला हात लिहितोच आहे. पण सवय कुठे जाते? सभागृहातही कित्येकदा तिला ओरडून सांगावंसं वाटायचं, की अहो, काल तुम्हीच उलटं बोललात! तिथे ओरडायचं नसतं.

"मतं," अण्णा म्हणाले. "थोरल्या, सुरू कर."

थोरल्याने रात्रभर मुद्दे काढून ठेवले होते. खरं तर त्याला मजला मिळतच होता, तो 'ठीक आहे' म्हणून मोकळा होऊ शकला असता. पण अभियंत्याला नकाशा दाखवला की त्यात त्याला गळती दिसतेच.

"टाकी सामाईक, हे कबूल. पण पाणी चढवणारी मोटार कुठे आहे? कारखान्यात. म्हणजे याच्याकडे. मी तिकडे असताना माझ्या मजल्यावर भाडेकरू असेल. याने बटण दाबलं नाही, तर माझा भाडेकरू काय करेल?"

"मी काय बटण अडवून बसणार आहे का?" धाकटा उसळला. "तूच तिकडे धरणावर बसून आमचं पाणी अडवशील, त्याची भीती आहे सगळ्या शहराला!"

"धरणाचं पाणी मी ठरवत नाही. त्याला मंडळ असेल, दोन्ही राज्यांचं."

"मग मोटारीलाही मंडळ कर."

"करूया की," अण्णा उत्सुकतेने म्हणाले. "दोन सदस्य आणि एक अध्यक्ष."

"अण्णा!" दोघे भाऊ एकदम म्हणाले. महिनाभरात त्यांचं पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं होतं.

थोरलीने इतका वेळ दम धरला होता. ती औषधांचं दुकान चालवायची आणि गिऱ्हाईकाला कुठली गोळी कधी द्यायची, तसा मुद्दा कधी काढायचा, हे तिला बरोबर कळायचं. तिने धाकट्याकडे पाहून गोड आवाजात म्हटलं, "भाऊजी, मोटारीचं राहू द्या. तुमच्या वाळणाऱ्या पाट्या गच्चीवर ठेवायला आमची हरकत नाही. पावसाळ्यात खाली केवढी अडचण होते तुमची."

धाकट्याला हे मुळीच अपेक्षित नव्हतं. "खरंच? मग बटण मी रोज सकाळी स्वतः दाबीन वहिनी. शब्द आहे."

थोरला आ वासून बायकोकडे बघत राहिला. त्याची रात्रभराची तयारी तिने एका वाक्यात निकालात काढली होती, आणि वर त्याच्या वैऱ्याशी तह केला होता. "मला विचारशील तरी," तो पुटपुटला.

"गच्चीवर पाट्या? आणि जिन्यातून त्या नेणार कोण?" आता धाकटी नवऱ्याच्या विरोधात उठली. "जिना सामाईक आहे. भिंतीला निळे डाग पडणार. दादांनी त्याला हरकत घ्यायला हवी, मी त्यांच्या बाजूने आहे."

"तू माझी बायको आहेस की त्यांची वकील?"

"मी जिना पुसणारी आहे."

अण्णा हे सगळं मिटक्या मारत ऐकत होते. विधानसभेतसुद्धा असंच होतं, त्यांना वाटलं. वेगळं व्हायचं म्हणून उठतात आणि पाट्यांवर, डागांवर एकमेकांशी जोड्या लावतात.

"आणखी एक," थोरली म्हणाली. "तिकडे नवीन बिऱ्हाड लावायचं म्हणजे माझ्या एकटीच्याने व्हायचं नाही. अक्का चार-सहा महिने आमच्याकडे येतील. लिहून घ्या अक्का."

अक्काने लिहून घेतलं.

"वा! अक्का कशी जाईल?" धाकटा म्हणाला. "अण्णांच्या गोळ्या कोण काढणार? अक्का इथेच. हेही लिही."

अक्काने तेही लिहिलं.

"हे बघ, अक्का काही तुझ्या एकट्याची बहीण नाही."

"तुला आत्ता आठवली वाटतं बहीण? बढती मिळाल्यावर?"

"अरे, तिची नोकरी आहे इथे," अण्णा मध्ये पडले. "ती इथेच राहील. यात मतभेदाचा प्रश्नच नाही."

तिघांची तीन वाक्यं अक्काच्या वहीत एकाखाली एक बसली. बोट दुखायला लागलं म्हणून तिने पेन्सिल बदलली. रडू येईल की काय, असं तिला वाटत होतं, पण राग जास्त होता, त्यामुळे रडू आलं नाही.

"झालं?" अण्णा म्हणाले. "मतं आली. आता मी—"

"एक मिनिट अण्णा." धाकटीने विधेयकाची प्रत पुढे ओढून घेतली होती आणि वर्गातल्या वह्या तपासाव्यात तसं तिचं बोट ओळींवरून चाललं होतं. "गच्चीवरची खोली कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? गच्चीवर."

"इथे कुठे आहे? परिशिष्ट एकमध्ये नाही. दोनमध्ये नाही. तीनमध्ये गच्ची आहे, कठडा आहे, टाकी आहे, तारा आहेत. अहो, कपड्यांच्या तारासुद्धा आहेत! खोली नाही."

अण्णांनी प्रत घेतली. चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं. जिल्ह्याच्या हद्दी लिहिताना कधी एखादं गाव सुटलं, तर त्या गावाचं काय होतं, हे अण्णांइतकं कुणाला ठाऊक होतं? त्या काळी ते गावांच्या याद्या दोनदोनदा वाचून घ्यायचे, एक जण नकाशावर बोट ठेवायचा, एक जण मोठ्याने वाचायचा. त्यांच्या हातून सगळ्या नोकरीत गाव सुटलं नव्हतं. आणि आता डोक्यावरची खोली सुटली होती. रोज संध्याकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवायला जिथून पावलं उतरत यायची, ती खोली. त्यांना मनापासून लाज वाटली. म्हणून ते मोठ्या आवाजात बोलले.

"मग ते कलम नऊखाली येतं. उरलेलं मूळ राज्याकडे. पद्धतच आहे तशी. नवीन राज्याची यादी करतात, जे यादीत नाही ते आपोआप जुन्याकडे राहतं."

"जुनं म्हणजे तुम्ही."

"म्हणजे मी."

"आणि तुमच्यानंतर?"

"शुभ बोल गं," थोरली म्हणाली.

"नाही वहिनी, मला खरंच कळत नाहीये, म्हणून विचारते. अण्णांच्या नंतर ती खोली कुणाची?"

"अगं, अक्काला कोण हात धरून बाहेर काढणार आहे?" धाकटा म्हणाला. "ती राहीलच की. ती काही म्हणत नाही."

"ती कधीच काही म्हणत नाही," थोरल्यानेही दुजोरा दिला.

"तिला विचारलंय का पण?" धाकटी वळली. "अक्का, तुमचं मत कुठल्या पानावर आहे?"

अक्काने वही मागे चाळली. थोरल्याचं होतं, धाकट्याचं होतं, दोन्ही सुनांचं होतं. अण्णांचे मधले शेरे होते. भावांनी एकमेकांना काढलेले चिमटेसुद्धा होते.

"माझं नाहीये," ती म्हणाली.

"का?"

"मी लिहीत होते ना."

खाली कारखान्यात पत्र्याची एखादी पाटी घसरून पडल्याचा आवाज झाला, तरी धाकटा उठला नाही.

अण्णांनी विधेयकाची पानं नीट जुळवली, टेबलावर आपटून सरळ केली आणि बाजूला ठेवली. "विधेयक मागे घेतो," ते म्हणाले.

"अण्णा, आता हे काय?" थोरला वैतागला. "एवढं सगळं बोलणं झालं! एवढ्याशा खोलीसाठी?"

"खोलीसाठी नाही. जिच्यावर परिणाम होतोय तिला विचारलं नाही. विचारल्याशिवाय मांडलं. हे मांडताच येत नाही." त्यांनी धाकटीकडे बोट केलं. "मघाशी हिला मीच सांगितलंय. दारातच अडतं."

"मग विचारा की आत्ता," थोरली म्हणाली. तिला मजला डोळ्यांसमोर हातचा जाताना दिसत होता. "दोन मिनिटांचं काम. अक्का म्हणतील, तुम्ही ठरवाल ते. काय अक्का?"

अण्णांनी मुलीकडे पाहिलं. "अक्का, तुझं म्हणणं काय आहे?"

हा प्रश्न याआधी तिला कुणी विचारला होता, असं तिला आठवेना. पुरवणी मागण्यांवर, रस्त्यांवर, पाण्यावर, तुकडे करावेत की नाही यावर तिने हजार जणांचं म्हणणं लिहून घेतलं होतं. तिने पेन्सिल खाली ठेवली. पेन्सिल हातात असताना तिला बोलता येत नसे.

"मला जायचंय," ती म्हणाली.

"आमच्याकडे ना?" थोरली आनंदाने म्हणाली. "बघा! मी म्हटलं नव्हतं?"

"तुमच्याकडे नाही. नव्या विधानसभेत. सचिवांनी विचारलंय. शाखा उभी करायची आहे, मला प्रमुख करणार आहेत. उद्या सांगायचंय." आता थांबणं शक्यच नव्हतं. "जुनं नाट्यगृह आहे. तिथे टेबल कुठे ठेवायचं हेसुद्धा अजून ठरलेलं नाही अण्णा. कुठून सगळ्यांचे आवाज येतील, ते मला बसून बघायचंय. पहिल्या दिवशी पहिला कोण बोलतो ते ऐकायचंय. पहिला शब्द मला लिहायचाय. कुणाचं बिऱ्हाड लावायला मी जाणार नाही. मी माझी जाणार आहे."

"आणि अण्णा?" धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात आरोप होता, आणि बराचसा घाबरटपणाही होता.

"अण्णा तुझ्या मजल्यावर राहतात. गोळ्या तीन आहेत, दोन पांढऱ्या, एक पिवळी. तुला शेकडो रंगांच्या छटा ओळखता येतात."

धाकटी खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. थोरला टक लावून बहिणीकडे पाहत होता. इतक्या वर्षांत तिला एवढं बोलताना त्याने ऐकलं नव्हतं, आणि आपल्यासारखंच तिलाही तिकडे जावंसं वाटू शकतं, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. "तिकडे मी आहेच अक्का," तो म्हणाला. "म्हणजे, काही लागलं तर."

"बरं. आणि खोली मला परिशिष्टात हवी," अक्का म्हणाली. "माझ्या नावाने. सुट्टीत येईन तेव्हा कुणाला विचारून यायचं नाही. तिथे पाट्या ठेवायच्या नाहीत."

"गच्चीवर तरी?" धाकट्याने चाचरत विचारलं.

"गच्ची सामाईक आहे. ते तुमचं तुम्ही बघा."

अण्णा खुर्चीत मागे टेकले. खरं सांगायचं तर त्यांना फार वाईट वाटलं. थोरला जाणार, हे त्यांनी पचवलं होतं. घराचे कितीही तुकडे पडले तरी ही उरेल, असं त्यांनी धरून ठेवलं होतं, आणि म्हणूनच ती कुठल्या यादीत आली नव्हती. संध्याकाळी वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं तशीच राहणार होती. 'जाऊ नकोस' म्हणायला त्यांच्या तोंडाशी शब्द आले होते. म्हटलं असतं तर ती कदाचित राहिलीही असती.

"मत मानलंच पाहिजे असं नाही," ते हळूच म्हणाले. "तसं कलम आहे."

"ठाऊक आहे अण्णा. निर्णय तुमचा. पण आधी लिहून घ्या."

"कोण लिहिणार? तू तर बोलतेयस."

अण्णांनी विधेयकाचं शेवटचं पान पुन्हा पुढे घेतलं आणि कलम नऊवर एक सरळ आडवी रेघ मारली. मग हात लांब करून तिची वही स्वतःकडे ओढली. पेन्सिल उचलली, बोटांत बसेना म्हणून दोनदा फिरवून धरली आणि कोरं पान काढलं.

"पहिल्यापासून सांग," ते म्हणाले. "आणि सावकाश. मला तुझ्यासारखं भरभर येत नाही."

"मला," अक्का म्हणाली, आणि त्यांचं लिहून होईपर्यंत थांबली.